ज्युरीच्या खोलीत मुद्देमाल कसा हाताळायचा: काय बिनधास्त बघायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही

अमेरिकेत सिटिझन झालं की थोड्याच दिवसांत ज्युरी ड्युटीचं समन्स येतं, आणि आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो की यातून सुटायचं कसं. पण निवड झालीच तर पुढं काय, हे कुणी विचारत नाही. मी इथं बे एरियात एका मारामारीच्या फौजदारी केसमध्ये ज्युरर होते, आणि सगळ्या साक्षी संपून आम्हा बारा जणांना खोलीत पाठवलं, टेबलावर मुद्देमालाचा खोका आला, तेव्हा खरं सांगते, कुणालाच माहीत नव्हतं की यातल्या कशाला हात लावायचा, किती लावायचा, चाकूची पेटी उघडायची का, जॅकेट उलटं करून बघायचं का. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी कॅलिफोर्नियाबद्दल लिहितेय, बाकी राज्यांत तपशील वेगळे असतात, आणि कुठंही असलात तरी तुमच्या जजनं सांगितलेलं शेवटचं, माझं नाही.

आधी मूळ मुद्दा, तो कळला की बाकीचं आपोआप कळतं

कोर्टात आलेला प्रत्येक पुरावा दोन्ही बाजूंच्या नजरेखालून गेलेला असतो. सरकारी वकिलानं दाखवला, बचावाच्या वकिलानं उलटतपासणी घेतली, हरकती झाल्या, जजनं ठरवलं. बंद खोलीत तुम्ही स्वतः काही नवीन शोधून काढलं तर त्याची उलटतपासणी कोण घेणार? आरोपीला तर कळणारही नाही की त्याला कशाच्या जोरावर दोषी धरलं. म्हणून नियम असा की आलेला पुरावा हवा तितका बारकाईनं तपासा, पण खोलीत बसून नवा पुरावा तयार करू नका.

कॅलिफोर्नियात याचं जुनं उदाहरण म्हणजे १८९६ ची कॉंकलिंग केस. गोळी किती अंतरावरून झाडली हा प्रश्न होता, तर दोन ज्युररनी खटला चालू असतानाच कुणाकडून तरी रायफल आणली, कापड घेतलं, आणि बारुदाच्या खुणा किती अंतरावरून उमटतात ते स्वतः गोळ्या झाडून बघितलं. हेतू चांगलाच असणार त्यांचा, सत्य शोधायचं होतं, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली. पुढं १९११ मध्ये त्याच कोर्टानं हिगिन्सच्या केसमध्ये रेषा नीट आखून दिली: कोर्टात जे आलंय त्याच्याच हद्दीत राहून पडताळणी केली तर चालेल, नव्या प्रांतात शिरलात तर ते गैरवर्तन. शंभर वर्षं उलटून गेली तरी वकील आजही याच दोन केसेस काढतात.

आपल्या ओळखीचं उदाहरण देते. नानावटी खटला, म्हणजे नौदल अधिकारी नानावटींनी बायकोचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या तो, १९५९, मुंबईचं सेशन कोर्ट, नऊ जणांची ज्युरी, ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष, जजना ते पटलं नाही म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथं दोषी ठरवलं आणि शेवटी १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षा कायम केली. त्यात सगळ्यांच्या लक्षात राहिलेली वस्तू म्हणजे टॉवेल. बचाव म्हणत होता झटापट झाली, त्यात गोळ्या सुटल्या, आणि सरकारी पक्ष म्हणत होता की झटापट झाली तर आहुजाच्या कमरेचा टॉवेल सुटला कसा नाही. आता समजा तुम्ही त्या ज्युरीत आहात. टॉवेल जागेवर राहिला याचा अर्थ काय यावर खोलीत दोन तास वाद घाला, अगदी योग्य आहे, तेच तुमचं काम. पण घरी जाऊन टॉवेल गुंडाळून नवऱ्याशी झटापट करून बघितली आणि दुसऱ्या दिवशी खोलीत सांगितलं की "मी करून बघितलं, सुटतोच", तर तो नवा पुरावा झाला आणि तिथंच घोळ झाला.

खोलीत गेल्यावर पहिला अर्धा तास

सगळ्यात आधी फोरपर्सन, म्हणजे ज्युरीचा म्होरक्या, निवडायचा, हे जज सांगतातच. त्यानंतर लगेच चर्चेला सुरुवात करू नका, आधी एक्झिबिटची, म्हणजे नंबर दिलेल्या पुराव्याच्या वस्तूंची, यादी हातात घ्या आणि खोक्यातल्या वस्तू नंबरानुसार ताडून बघा. दुकानात माल आल्यावर चलनाशी ताडतात ना, अगदी तसं. यादीत आहे पण खोक्यात नाही, किंवा खोक्यात आहे पण यादीत नाही, असं काही सापडलं तर तिथंच थांबा आणि बेलिफकडं, म्हणजे ज्युरीची देखरेख करणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडं, चिठ्ठी द्या. जे यादीत नाही ते वाचू नका, फिरवू नका, एकमेकांना दाखवू नका.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना कळत नाही. खटल्यात दाखवलेलं सगळंच पुरावा नसतं. एखाद्या वस्तूवर नुसता नंबर चिकटवलाय म्हणजे ती दाखल झाली असं नाही, जजनं ती पुरावा म्हणून स्वीकारलेली असावी लागते, आणि स्वीकारलेल्याच वस्तू आत येतात. वकिलांनी भाषणात मोठमोठे तक्ते, स्लाइड, कधी कधी प्लास्टिकचा सांगाडा वगैरे दाखवलेला असतो, तो समजावण्यापुरता असतो. फेडरल कोर्टांत तर १ डिसेंबर २०२४ पासून १०७ नंबरचा वेगळा नियमच आलाय की असली समजावणीची साधनं पुरावा नाहीत आणि सगळ्या पक्षांची संमती असल्याशिवाय किंवा जजनं सबळ कारणानं हुकूम दिल्याशिवाय ती ज्युरीच्या खोलीत जाणार नाहीत. म्हणून "तो तक्ता कुठं गेला" म्हणून घाबरू नका, हवा असेल तर मागा, जज हो किंवा नाही सांगतील.

कॅलिफोर्नियात पीनल कोडच्या ११३७ कलमात दिलंय की काय आत नेता येतं: दाखल झालेली कागदपत्रं (साक्षीदारांच्या आधी नोंदवून घेतलेल्या जबान्या म्हणजे डिपॉझिशन सोडून), जजच्या लेखी सूचना, आणि तुम्ही स्वतः काढलेल्या नोट्स. नोट्सबद्दल एकच सांगते, त्या तुमच्या आठवणीसाठी आहेत. शेजारच्यानं व्यवस्थित पानं भरून लिहिलंय म्हणून त्याचं खरं असं धरून चालू नका.

मग टेबल. वस्तूंचं टेबल वेगळं आणि खाण्याचं वेगळं ठेवा, हे मी अगदी कळकळीनं सांगते, कारण आमच्याकडं पहिल्याच दिवशी कुणीतरी कॉफीचा कप फोटोंच्या शेजारी ठेवला होता. कागदाची मूळ प्रत असेल तर तिच्यावर पेन, हायलायटर, चिकट चिठ्ठी, घडी, काही नको. खुणा करायच्याच असतील तर बेलिफकडून कोरे कागद मागा आणि त्यावर लिहा.

सीलबंद पिशव्या, रक्ताचे डाग आणि ग्लोव्हज

कपडे बहुतेक वेळा खाकी कागदी पिशवीत येतात, कारण प्लास्टिकमध्ये ओल राहिली की बुरशी धरते आणि डाग खराब होतात. तोंडाला चिकटपट्टी, तिच्यावर कुणाची तरी आद्याक्षरं आणि तारीख. आपल्याकडं पंचनाम्याला लाखेचं सील असतं त्याचंच हे भावंड समजा. ती वस्तू कुणाकडून कुणाकडं गेली याची साखळी त्या पट्टीवर असते, आणि खटला अपिलात गेला तर तीच वस्तू परत कुणीतरी तपासणार असतं. म्हणून सील तुमच्या हातानं तोडू नका. कोर्टात उघडून दाखवलेली आणि उघडीच आत पाठवलेली वस्तू बघायला हरकत नाही, पण बंद आली असेल तर बंदच ठेवा आणि उघडायची असेल तर लिहून विचारा.

रक्त किंवा शरीरातलं काही लागलेल्या वस्तूसाठी ग्लोव्हज मागा, वाळलेला डाग असला तरी. वस्तू खाली स्वच्छ कागद पसरून त्यावर ठेवा, एका वेळी एकानंच हाताळावी आणि बाकीच्यांनी बघावी, झटकू नका, वास घेऊ नका. ज्याला बघवत नसेल त्याच्यावर जबरदस्ती नको, त्याला फोटो दाखवा.

बंदूक, ड्रग्ज, रोकड

हे बहुतेक ठिकाणी खोलीत ठेवून देतच नाहीत. बघायचं असेल तर मागणी करायची, मग बेलिफ घेऊन येतो किंवा सगळ्यांना कोर्टरूममध्ये बोलावतात. बंदूक निकामी करून, कुलूप किंवा झिप टाय लावून आणतात आणि गोळ्या तिच्याबरोबर एकत्र देत नाहीत. ती झिप टाय कापायची नाही. बंदूक कुणाकडं रोखायची नाही, मोकळी आहे हे माहीत असलं तरी. आणि बेलिफ वस्तूजवळ उभा असताना केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, कारण चर्चा फक्त बारा जण एकत्र आणि दार बंद असतानाच. बारातला एक जण बाथरूमला गेला असेल तरी थांबायचं, आणि अल्टरनेट म्हणजे राखीव ज्युररसमोर तर नाहीच.

हातात घेऊन बघणं आणि प्रयोग यातली रेषा

हा सगळ्यात अवघड भाग आहे म्हणून जरा थांबून सांगते.

आमच्या केसमध्ये एक करड्या रंगाचं जॅकेट होतं, डाव्या खिशाच्या खाली साधारण दोन इंचाची चीर, कडेचे दोरे थोडे विस्कटलेले. चाकू वेगळ्या पारदर्शक पेटीत, मुठीपाशी टायनं बांधलेला. आमच्यातला एक जण म्हणाला, चाकूचं पातं या चिरेत घालून बघू, बसतं का, एका मिनिटात सगळं स्पष्ट होईल. दुसरा म्हणाला चाकू नको तर निदान पेन घालून बघू. मला शिवणकामाची सवय आहे त्यामुळं मला लगेच दिसलं की तिथं काही घातलं की दोरे सरकणार आणि चीर जशी होती तशी कधीच राहणार नाही. मी म्हटलं, नको, थांबूया, विचारूया. दहा मिनिटं चांगलीच गरमागरमी झाली. मग फोरपर्सननं चिठ्ठी लिहिली, उत्तर यायला दुपार झाली, आणि उत्तर आलं की दोन्ही वस्तू शेजारी ठेवून डोळ्यांनी बघा, एकीत दुसरी घालू नका. आम्ही तसंच केलं, आणि तेवढ्यानंच बरंच कळलं.

तर चालतं काय? डोळ्यांनी बघणं, उलटसुलट करणं, दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना करणं, फोटो खिडकीच्या उजेडात धरणं. भिंग चालतं, कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं १९७१ मध्ये टर्नर केसमध्ये फोटोवर भिंग वापरण्यात गैर काही नाही असं म्हटलंय, कारण भिंग नवीन काही निर्माण करत नाही, आहे तेच मोठं दाखवतं. इंग्लंडमध्येही १९९० च्या मॅग्ज केसपासून पट्टी, टेप, भिंग याला हरकत नाही, पण वजनकाटा मागितला तर नाही, कारण काटा आला की प्रयोग सुरू होतो. साक्षीत सांगितलेली हालचाल उभं राहून करून दाखवणं, म्हणजे "तो म्हणाला मी असा वाकलो होतो, मग हात इथं कसा येईल", हेही साधारणपणे चालतं. २०१० च्या कॉलिन्स केसमध्ये ज्युररनी कोनमापक आणि दोरी घेऊन गोळीचा कोन खोलीत मांडून बघितला होता, आणि कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा कायम ठेवली, कारण तो कोन साक्षीत आलेलाच होता.

चालत नाही ते म्हणजे घासून बघणं, ओलं करणं, जाळणं, कापणं, फाडणं, उसवणं, चव घेणं, बंद फोन चालू करणं, घरून तसलीच दुसरी वस्तू आणून तिच्यावर करून बघणं, आणि घटनास्थळी जाणं. जागा बघायची असेल तर जज सगळ्यांना सोबत नेण्याची व्यवस्था करू शकतात, २०२३ च्या मार्चमध्ये साउथ कॅरोलिनात मर्डॉ खटल्याच्या ज्युरीला घटनास्थळी नेलं होतं, पण एकट्यानं गाडी वळवून "जाता जाता" बघायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये क्रिमिन्स केसमध्ये काही ज्युरर आपले आपण जागा बघून आले आणि शिक्षा उलटली. गूगल मॅप उघडणं म्हणजे तिथं जाण्यासारखंच आहे हे लक्षात ठेवा.

शंका आली की स्वतःला एकच विचारा: मी हे केल्यावर वस्तू जशी होती तशीच राहील का, आणि मला जे कळेल ते कोर्टात आधीच कुणीतरी बोललंय का. दोन्हीला हो असेल तर पुढं जा, नाहीतर चिठ्ठी.

आणखी दोन सापळे. कागदावर काळं फासून झाकलेल्या ओळी असतात, त्या उजेडाकडं धरून वाचायचा मोह होतो, तो आवरा, ते जजनं मुद्दाम झाकलेलं असतं. आणि कपड्याच्या खिशात, पाकिटाच्या कप्प्यात कोर्टात कुणी उल्लेखही न केलेलं काही हाताला लागलं तर ते बाहेर काढू नका, जिथं आहे तिथं ठेवा, सगळ्यांनी हात बाजूला घ्या आणि लिहून कळवा.

व्हिडिओ, ऑडिओ, लॅपटॉप

आता अर्धा पुरावा स्क्रीनवरच असतो. कोर्ट स्वतःचा लॅपटॉप देतं ज्यात फक्त दाखल पुरावे असतात. २०२४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ट्रम्प यांच्या खटल्यातल्या ज्युरीकडं असाच लॅपटॉप होता आणि त्यांनी नंतर ऐकायला हेडफोन मागवले. काही कोर्टांत मात्र व्हिडिओ परत बघायचा तर कोर्टरूममध्येच बसून सगळ्यांसमोर बघतात. त्या लॅपटॉपला आपला पेनड्राइव्ह, फोन काही जोडू नका, आणि स्क्रीनचा फोटो आपल्या फोनवर काढून मोठा करू नका. तुम्हाला वाटेल झूम करण्यात काय एवढं, पण २०२१ च्या रिटनहाउस खटल्यात आयपॅडवर झूम केल्यावर सॉफ्टवेअर मधले ठिपके स्वतःच भरतं का यावर कोर्टात चांगलाच वाद झाला होता. कोर्टाच्या प्लेअरमध्ये थांबवणं, मागं नेणं, परत बघणं ठीक. चित्र उजळ करणं, आवाज साफ करणारं ॲप लावणं, हे विचारल्याशिवाय नाही.

मराठी, हिंदी मेसेज पुराव्यात असले तर

हे खास आपल्यासाठी. पुराव्यात व्हॉट्सॲपचे मेसेज किंवा फोनवरचं बोलणं तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असेल, तरी तुम्हाला कोर्टानं दिलेलं भाषांतरच धरावं लागतं, कॅलिफोर्नियाच्या ज्युरी सूचनांमध्ये १२१ नंबरला हे स्पष्ट आहे. "अहो, मारून टाकीन हे आमच्यात आई पोरांना रोज म्हणते" असं बाकीच्या अकरा जणांना समजावून सांगायचा तुम्हाला जीव तोडून मोह होईल, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असेल, तरी खोलीत ते करायचं नाही. त्याऐवजी भाषांतर चुकलंय असं वाटल्या वाटल्या, शक्यतो खटला चालू असतानाच, जजला लिहून कळवायचं, म्हणजे दोन्ही वकिलांसमोर ते तपासलं जाईल.

भाषांतराचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको. १९०८ मध्ये मुंबईत लोकमान्य टिळकांवरचा खटला बहुसंख्य युरोपियन ज्युरीपुढं चालला, केसरीतले मराठी लेख इंग्रजी भाषांतरातून वाचले गेले, टिळक स्वतः उभे राहून एकेका शब्दाच्या भाषांतरावर भांडले, आणि निकाल ७ विरुद्ध २ नं विरोधात गेला. त्यांच्या घरझडतीत सापडलेलं एक कार्ड, ज्यावर स्फोटकांवरच्या पुस्तकांची नावं होती, तेही पुराव्यात होतं, त्याचाही खुलासा त्यांनी भर कोर्टात केला. शब्दांवरचं भांडण उघड्या कोर्टात झालं म्हणून आजही ते वाचता येतं. बंद खोलीत तुम्ही केलेलं भाषांतर कुणालाच तपासता येत नाही.

इंजिनिअर, डॉक्टर, फार्मसिस्ट असाल तर

अनुभव घरी ठेवून या असं कुणी म्हणत नाही. पुरावा समजून घ्यायला तो वापरा. पण "मी वीस वर्षं या फील्डमध्ये आहे, माझं ऐका, रिपोर्टमधली पद्धतच चुकीची आहे" असं म्हणून कोर्टात न आलेली माहिती आत आणली की तुम्ही ज्युरर राहत नाही, शपथ न घेतलेले तज्ज्ञ साक्षीदार होता. १९९६ च्या मलोन केसमध्ये पॉलिग्राफची (खोटं पकडायच्या चाचणीची) जाणकार असलेल्या ज्युररबद्दल कोर्टानं हीच रेषा सांगितली. माझंच बघा, त्या चिरेकडं बोट दाखवून "कापड इथं तिरपं ताणलेलं दिसतंय, तुम्हीही बघा" एवढं मी म्हणू शकत होते, कारण ते प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होतं. कोणत्या कापडाला किती ताण बसतो याचं लेक्चर मी दिलं नाही.

चिठ्ठी कशी लिहायची

पीनल कोडचं ११३८ कलम यासाठीच आहे: साक्षीबद्दल मतभेद झाला किंवा कायद्याचं काही विचारायचं असलं तर ज्युरीनं मागायचं आणि दोन्ही बाजूंना कळवूनच उत्तर द्यायचं. म्हणून वेळ लागतो, वकिलांना बोलवावं लागतं, चिडू नका. चिठ्ठीत तारीख, वेळ, सही, एक्झिबिटचा नंबर आणि नेमकं काय करायचंय ते लिहा. "जॅकेटबद्दल प्रश्न आहे" असं नको, "एक्झिबिट १४ ची पिशवी उघडून आतली बाही बघता येईल का" असं हवं. मतं किती विरुद्ध किती आहेत ते चुकूनही लिहू नका. साक्ष परत वाचून हवी असेल तर साक्षीदाराचं नाव आणि मुद्दा द्या, १९९५ मध्ये ओ. जे. सिम्प्सनच्या ज्युरीनं लिमोझिनच्या ड्रायव्हरची साक्ष अशीच परत वाचून घेतली होती.

कुणी नियम मोडला तर

कुणी सकाळी येऊन सांगितलं की "काल मी नेटवर बघितलं" किंवा "घरी करून बघितलं", तर त्याला वाक्य पूर्ण करू देऊ नका. काय सापडलं ते ऐकायचंच नाही. लगेच जजला कळवा, आणि तेव्हाच कळवा, कारण निकालानंतर खोलीतली चर्चा कोर्टं सहसा उकरत नाहीत, बाहेरची माहिती आत आली होती का एवढंच बघतात. चहाडी वगैरे काही नाही यात, एका माणसाची वर्षं पणाला लागलेली असतात. घरीही कुणाला काही सांगायचं नाही, ह्यांनी रोज रात्री विचारलं आणि मी रोज एकच सांगितलं, संपल्यावर सांगते.

निघताना

निकाल ठरला की बेलिफला कळवण्याआधी सगळ्या वस्तू परत यादीशी ताडा, ज्या पिशवीतली त्याच पिशवीत, फोटो क्रमानं. भिंतीवरचे, फळ्यावरचे तुमचे तक्ते पुसा किंवा काढून बेलिफकडं द्या, कागदाचा चिटोराही पर्समध्ये नको. नोट्स तिथंच राहतात. एक्झिबिटचा फोटो आठवण म्हणून काढायचा नाही. जजनं मोकळं केलं की मग बोलायला परवानगी असते, पण वकील बाहेर थांबून विचारायला आले तरी उत्तर द्यायची सक्ती नसते, नको असेल तर "मला बोलायचं नाही" म्हणून सरळ पार्किंगकडं निघा.